चौथा रकाना

“ताई, जरा पुढे या बघू, उजेडात,” औषधवाला म्हणाला. खाज थांबवायचं मलम घ्यायला दोघं आली होती, नवरा पाकीट काढून उभा आणि बायको डाव्या हातानं उजवं मनगट खाजवत. औषधवाला एरवी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघणारा माणूस नव्हे. चिठ्ठी घ्यायची, खोकं पुढे टाकायचं, पुढचा कोण. आज त्यानं काउंटरवरून मान पुढे काढली, तिच्या पापणीपर्यंत बोट नेलं, लावलं नाही, आणि विचारलं, “डोळे कधीपासून पिवळे आहेत?” “पिवळे?” ती हसली आणि नवऱ्याकडे वळली. “आहेत का रे?” घरात बघण्याचं खातं त्याच्याकडे होतं. पाणी गढूळ आलंय का, भिंतीला ओल आली का, सदऱ्यावरचा डाग निघाला का, हे तो सांगायचा आणि ती मुकाट मानायची. त्यानं तिच्या डोळ्यांत बघितलं. डोक्यावर पांढरीशुभ्र ट्यूब होती, जमिनीवर पडलेली सुई दिसावी असा उजेड. “इथली ट्यूबच तशी आहे,” तो म्हणाला. औषधवाल्यानं आधी ट्यूबकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि काढलेलं मलम परत खणात टाकलं. “हे मी देत नाही. सकाळी पहिल्या नंबरानं डॉक्टर गाठा. उशीर करू नका.” दुकानाची पायरी उतरताना, कुणी विचारलेलं नसताना, त्याच्या मनात आकडा येऊन उभा राहिला. एकोणीस. आज एकोणिसावा दिवस.

हा आकडा त्याच्याकडे इतका तयार कसा होता, ते कळायला आधी त्याची नोकरी सांगायला हवी. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तो तपासनीस होता, बावीस वर्षं. पट्ट्यावरून बाटल्या सरकत येतात, त्यांच्या मागे उजेडाचा पांढरा पडदा, समोर स्टूल, आणि स्टुलावर हा. चीर, बुडबुडा, गळ्याशी जाड, बुडाशी पातळ, किंवा काचेतच उतरलेली किंचित पिवळट झाक, जी दहातल्या नऊ जणांना जन्मात दिसणार नाही. संशय आला की बाजूला, एवढा एकच कायदा तिथे. विचार करत बसायचं नाही. विचार होईपर्यंत सहा बाटल्या पुढे निघून जातात. हात आपला आपण जातो, गळा धरतो आणि डब्यात टाकतो, खळ्ळकन. कारखान्यात त्याचं नाव ‘भिंग’ पडलं होतं. बायकोला ते कळल्यावर तीही ‘भिंगराव’ म्हणायला लागली. आता असा माणूस कारखान्याच्या फाटकातच डोळे ठेवून घरी आला असता तर बरं झालं असतं. पण त्यानं तो कायदा घरी आणला, आणि पट्ट्यावर स्वतःलाच ठेवलं. तो सोळा वर्षांचा असताना त्याचे वडील जेवणाच्या टेबलाशी छाती चोळत “काही नाही रे, वारा धरलाय” म्हणाले होते आणि हातातल्या चमच्यासकट कलंडले होते. ‘काही नाही’ हे दोन शब्द तेव्हापासून त्याच्या पोटात गोळा आणायचे. आज हृदय, उद्या मेंदू, परवा मूत्रपिंड. आंघोळीला गेला की काखेत गाठ शोधायचा, जेवताना मध्येच चमचा ठेवून नाडी मोजायचा. बायको सकाळी चहा पुढे ठेवून विचारायची, “बोला भिंगराव, आज कुठला अवयव?” पाहुण्यांसमोर तिच्या पाठीवरच्या तिळाची गोष्ट ठरलेली. ह्यानं तो तीळ खरोखरच्या भिंगातून बघितला, रडवेला होऊन तिला इस्पितळात नेलं, आणि तिथला डॉक्टर म्हणाला, “अहो, तीळच आहे हा, ताड नाही.” सगळे पोट धरून हसायचे. हाही हसायचा. चौदा वर्षं हसला. हसणाऱ्यांना वाटतं, ज्याच्यावर हसलो तो विसरतो. तो कधी विसरत नसतो.

शेवटी घरच्या डॉक्टरांनीच हात टेकले आणि त्याला समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाई साधी, शांत, पायात कापडी बूट घालणारी. तिनं त्याला वेड्यात काढलं नाही, दम दिला नाही. म्हणाली, मनात येतो तो प्रत्येक विचार म्हणजे बातमी नव्हे. आधी विचारावं, पुरावा काय? आणि त्याला एक वही ठेवायला सांगितली. चार रकाने. काय घडलं. मनात काय आलं. पुरावा. दुसरं काय असू शकतं. वही त्यानं बायकोच्या कपाटातून घेतली. ती शाळेत भूगोल शिकवायची, आणि खालच्या कप्प्यात तपकिरी कव्हरच्या कोऱ्या वह्यांचा गठ्ठा कायम असायचा, ज्या मुलांना परवडत नाहीत त्यांच्यासाठी. पहिल्या पानावर बाईंनी त्याच्याकडून दोन नियम लिहून घेतले होते. एक, नवीन खूण दिसली आणि टिकली तर आधी डॉक्टर, मग वही. दोन, ही वही फक्त स्वतःच्या मनासाठी, दुसऱ्याच्या दुखण्यावर चालवायची नाही. त्यानं सुवाच्य अक्षरात ते लिहिले आणि पान उलटलं, जसं आपण सगळेच पहिलं पान उलटतो. पण वही लागू पडली, हे मात्र नाकारता येत नाही. तिसऱ्या महिन्यात त्यानं नाडी मोजणं सोडलं. पाचव्या महिन्यात छातीत कळ आली, तर त्यानं चौथ्या रकान्यात ‘काल कपाट सरकवलं’ असं लिहिलं आणि घोरत झोपला. नवव्या महिन्यात तो बरा झाला होता, आणि बऱ्या झालेल्या माणसाइतका छळवादी प्राणी दुसरा नसतो. कारखान्यात कुणी शिंकलं तरी हा विचारायचा, “पुरावा काय?”

ती कधी कुरकुरणारी बाई नव्हती. ताप अंगावर काढून नकाशे शिकवायची. त्यामुळे ती जेव्हा म्हणाली, “हाताला फार खाज येते रे, आणि पोट जेवायच्या आधीच भरल्यासारखं वाटतं,” तेव्हा त्याला काळजी वाटायला हवी होती. त्याला वाटली ती मजा. होय, मजाच. चौदा वर्षांनी पट्ट्यावर दुसरं कुणी तरी आलं होतं. “बसा बाई,” तो म्हणाला, “पुरावा काय?” ती हसली, “खाजेला काय पुरावा लागतो? खाज हाच पुरावा.” “दुसरं काय असू शकतं?” “तूच सांग, तू डॉक्टर.” “खडू. दिवसभर खडूची भुकटी हातावर. साबण बदल.” तिनं साबण बदलला. पुढच्या आठवड्यात खाज तळपायाला आली. तो म्हणाला, “पायांनी लिहितेस का फळ्यावर?” आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसला. ती हसली, पण जरा उशिरा. तिच्या घड्याळाचा पट्टा दोन भोकं आत गेला होता, हे त्यानं पाहिलं होतं. जुन्या भोकाशी चामड्यावर घडीची रेघ होती, मग मोकळं भोक, मग बक्कल. पाहिलं, कारण न पाहणं त्याला जमतच नव्हतं. बोलला मात्र नाही.

त्या दिवसांत ती संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सातवीच्या वह्या तपासायची, चाचणीची उत्तरं, लाल पेन, मध्ये मध्ये मनगट टेबलाच्या कडेला घासत. गुण द्यायची तिची आपली एक पद्धत होती, आणि मुलं त्यावरून तिला टरकायची. चुकलेल्या उत्तरालाही ती कधी एखादा गुण द्यायची, निदान प्रयत्न केला म्हणून. पण बरोबर उत्तर लिहून मग ते खोडलं आणि चुकीचं लिहिलं, तर शून्य. “हे उलटं नाही का?” त्यानं एकदा विचारलं होतं. “उलटं कसलं? चुकणाऱ्याला माहीतच नव्हतं, त्या बिचाऱ्याचा काय दोष? ह्याला माहीत होतं. शेजारच्याकडे बघितलं, घाबरला, आणि खोडलं. मग माझ्याकडे येऊन रडतात, बाई, उत्तर मला येत होतं हो! मी म्हणते, म्हणूनच शून्य.” आणि तिनं एका वहीवर मोठं गोल शून्य काढलं होतं, एका दमात, कंपास लावल्यासारखं.

तो सकाळचा प्रकार. एकोणीस दिवसांपूर्वीचा. ती खिडकीशी उभी राहून काजळाची डबी उघडत होती आणि आरशाऐवजी बाहेर बघत होती. ऊन नव्हतं, ढगाळ पांढरा उजेड होता, थेट कारखान्यातल्या पडद्यासारखा. ती वळली. आणि त्याचा हात उचलला गेला. उजवा हात, कोपरापासून, बाटली बाजूला काढायला जातो तसा. त्याच्या डोळ्यांनी निकाल दिला होता, पाव सेकंदात, बावीस वर्षांच्या सवयीनं. झाक आहे. बाजूला. “काय रे?” तिनं विचारलं. “काही नाही,” तो म्हणाला. वडिलांचे दोन शब्द, आणि ते त्याच्या तोंडून इतके सहज गेले की त्याला त्यांची चवही कळली नाही. मग पोटात तो जुना गोळा आला, कित्येक महिन्यांनी, आणि त्याला संताप आला. तिचा नाही, डोळ्यांचा नाही, गोळ्याचा. इतक्या कष्टानं हाकललेलं कुत्रं पुन्हा दारात. म्हटलं तर एवढंच बोलायचं होतं, चल, डॉक्टरांकडे जाऊन येऊ. पण मग ती म्हणाली असती, “झालं, आता माझा नंबर का?” आणि पुढच्या रविवारी पाहुण्यांना तिळाच्या शेजारी डोळ्यांची गोष्ट मिळाली असती. आणि शनिवारी तर समुपदेशक बाईंकडे येणाऱ्या माणसांच्या गटासमोर त्याला बोलायचं होतं, बरा झालेला माणूस म्हणून. त्यानं वही काढली. काय घडलं: सकाळी ती वळली. मनात काय आलं: तिला काही तरी मोठं झालंय. पुरावा. इथे त्यानं लिहिलं, ‘डोळे पिवळे’. दोन शब्द. ते त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यानं त्यांच्यावर रेघ मारली, आणखी एक मारली, आणि खाली लिहिलं, ‘काही नाही’. चौथा रकाना: खिडकीचा पडदा पिवळा आहे, त्याची छाया असणार. माझी जुनी खोड. वही मिटल्यावर त्याला खरोखर बरं वाटलं, गोळा विरघळला. माणसाला बरं वाटतं तेव्हा तो बरोबर असतोच असं नाही, पण हे कुणी वहीत लिहून देत नाही.

आणि शनिवारी त्यानं तेच पान गटात वाचून दाखवलं. हे आठवलं की आता त्याच्या कानशिलांत आग होते. दहा-बारा माणसं गोल बसलेली, कुणी झोप न येणारा, कुणी लिफ्टला भिणारा, आणि हा मध्ये, रंगात आलेला. आवाज चढवून, हात उचलल्याची नक्कल करून त्यानं तो किस्सा सांगितला. पडद्याच्या छायेवर सगळे हसले. टाळ्या पडल्या. समुपदेशक बाई तेवढी हसली नव्हती. चहाच्या वेळी ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, “छान बोललात. पण डॉक्टरांना एकदा दाखवलंत ना?” “हो, हो,” तो म्हणाला, “दाखवलं. काही नाही निघालं.” कुणी त्याचा गळा धरला नव्हता. खोटं बोलायची काहीएक गरज नव्हती. नुसती हातातली बशी थोडी हलली, आणि चहा बाईच्या कापडी बुटावर सांडला.

औषधवाल्याच्या दुकानातून घरी आल्यावर ती आरशासमोर उभी राहिली, पापणी खाली ओढून. “अगं बाई, खरंच की! आणि तुला दिसलं नाही, भिंगा?” ती चेष्टेनंच म्हणाली. “नाही गं,” तो म्हणाला. ती आंघोळीला गेली तशी त्यानं वही काढली, ते पान फाडायला धरलं, पण वही शिवलेली होती, एक पान काढलं तर पलीकडचंही सुटून आलं असतं आणि कळलं असतं. कुणाला कळलं असतं? तेवढ्यात मोरीतलं पाणी थांबलं. त्यानं वही कपाटाच्या खालच्या कप्प्यात, मुलांच्या तपासायच्या वह्याही तिथेच असायच्या, त्या तपकिरी गठ्ठ्यात खुपसली आणि दार लोटलं. त्या दिवसापासून त्या कप्प्याकडे त्यानं बघितलं नाही. पुढचं सगळं भराभर झालं. रक्त, सोनोग्राफी, मग ते मोठं गोल यंत्र, ज्यात तिला सरकवताना त्याला पट्टा आठवला. सर्जन तरुण होता आणि त्याला गोड बोलायची सवय नव्हती. पित्ताच्या नळीच्या तोंडाशी गाठ आहे, ती यकृतात पोचली आहे, नळी मोकळी करता येईल, गाठ काढता येणार नाही. महिने, वर्षं नाहीत. ती म्हणाली, “बरं.” मुलांनी गृहपाठ आणला नाही असं सांगितल्यावर म्हणायची, तसंच. तिला तपासायला आत नेल्यावर त्यानं सर्जनला गाठलं. “तीन आठवडे आधी आलो असतो तर?” सर्जननं कागदावरून डोळे वर केले. “का? तीन आठवडे आधी काही दिसलं होतं का?” आता सांगता आलं असतं. अनोळखी माणूस, बंद खोली, पाप हलकं करायला याहून सोयीची जागा कुठली? “नाही,” तो म्हणाला, “असंच विचारलं.” “मग कशाला डोक्याला त्रास करून घेता? सांगता येत नाही हो. कदाचित काढता आली असती. कदाचित नसती.” त्यानं ‘नसती’ शब्द घट्ट धरून ठेवला आणि घरी नेला. पण घरी पोचेपर्यंत हातात ‘असती’ उरला होता.

नळी मोकळी केल्यावर तिला जरा हुशारी आली. खाज थांबली. इस्पितळातल्या खाटेवर ती उशीला टेकून बसायला लागली आणि तिसऱ्या दिवशी कंटाळली. “वह्या राहिल्यात रे तपासायच्या. मुलं बिचारी गुणांची वाट बघत असतील. खालच्या कप्प्यातला गठ्ठा आण, आणि लाल पेन.” तिनं काही तरी मागितलं याचाच त्याला इतका आनंद झाला, की तो धावतच घरी गेला. कप्पा उघडताना मान दुसरीकडे वळवली, हाताला लागला तो गठ्ठा दोरीनं बांधला, आणि तसाच घेऊन आला. हजारो बाटल्या एकेक करून उजेडाला धरणाऱ्या माणसानं आयुष्यात एकच गठ्ठा न बघता पुढे सोडला. दुपारचे तीन वाजले होते. ती वह्या एकेक घेत होती, पुटपुटत होती, “अरे गाढवा, नदी डोंगर चढते का?” तो खुर्चीत बसून संत्रं सोलत होता. मग ती म्हणाली, “ही कुणाची? नाव घातलेलं नाही.” त्यानं वर बघितलं. तपकिरी कव्हर, कोपऱ्यावर कारखान्यातल्या तेलाचा काळा डाग. हात लांब केला असता तर वही हाताला लागली असती. म्हणता आलं असतं, दे इकडे, माझी आहे, खाजगी आहे. हात उचललाच गेला नाही. तिनं पहिलं पान वाचलं, दोन्ही नियम, ओठ हलवत. पुढे एका पानावर ती खुदकन हसली. “मूत्रपिंड! वेडा आहेस.” त्याला क्षणभर वाटलं, ती दमेल, मध्येच मिटेल. पण भूगोलाची मास्तरीण ती, अर्धी वही तपासून ठेवणं तिला ठाऊक नव्हतं. पानं उलटत राहिली. मग उलटायची थांबली. त्यानं संत्र्याच्या फोडीवरची एक पांढरी शीर काढली, दुसरी काढली. खोलीत कुठे तरी नळ ठिबकत होता. पेन कागदावर चालल्याचा आवाज आला, थोडा वेळ, मग एक लांब गोल आवाज. तिनं वही मिटली, तपासलेल्या गठ्ठ्यावर ठेवली, आणि पुढची घेतली. राहिलेल्या सहाही वह्या तिनं नीट तपासल्या. एकाला शाब्बासही लिहिलं.

“बघ रे,” मग ती म्हणाली. “आज कसे दिसतात डोळे?” ती त्याच्याकडे वळली. खिडकीतून उजेड आला होता, स्वच्छ, पांढरा. नळी मोकळी होऊनही पिवळेपणा उतरला नव्हता. त्याला काही करून तिला सुख द्यायचं होतं. “पांढरे,” तो म्हणाला. “खूपच पांढरे झालेत.” “नक्की?” “नक्की. तुझ्याशी खोटं बोलेन का?” ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर त्यानं पाय धरले असते. तिथे नुसतं कुतूहल होतं, एखाद्या मुलानं पुन्हा तीच चूक केल्यावर बाईंच्या डोळ्यांत असतं तसं. “जा आता,” ती म्हणाली. “वह्या उद्या शाळेत पोचव. एक तुझी आहे, तेवढी काढून घे.”

बाहेर बाकावर बसून त्यानं दोरी सोडली. पान शोधावं लागलं नाही, वही तिथेच उघडली. चौथ्या रकान्याला तिनं हातही लावला नव्हता. पडद्याची छाया जशीच्या तशी होती. तिसऱ्या रकान्यात, त्याच्या दोन रेघांखाली अजून वाचता येणाऱ्या दोन शब्दांना तिनं लाल चौकट केली होती, आणि समासात लिहिलं होतं, ‘उत्तर बरोबर होते. खोडले.’ खाली शून्य. खाटेवर पडलेल्या बाईनं काढलेलं, तरी गोल. तो उठला, वही छातीशी धरून परत आत गेला. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तो खाटेच्या दांड्याला धरून उभा राहिला. शब्द आले ते लहान मुलासारखे, नाकातून.

“मला दिसलं होतं गं.”

“म्हणूनच,” ती म्हणाली, आणि पांघरूण खांद्यापर्यंत ओढून घेतलं.